अर्धा जावई आणि अडलेला गोटा

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पोटऱ्या राहतात. मध्यंतरी बाजारात एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ओळखलंत का?" मी म्हटलं, "जरा पाठमोरे होता का?" ते झाले, मी धोतराच्या काठाखाली पाहिलं आणि गावासकट ओळखलं. बायको बरोबर होती. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पण ज्याची उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या बैठका मोजण्यात गेली, त्याने दुसरं काय लक्षात ठेवायचं?

दिवसा मी नगरच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि सकाळ-संध्याकाळ दिल्ली दरवाज्याच्या आतल्या एका तालमीत वस्ताद. 'वस्ताद' म्हणवून घ्यायची मला फार हौस, पण शाळेमुळे सगळे 'मास्तर'च म्हणायचे. सांगतोय ते दुसऱ्या लढाईच्या दिवसांतलं. गावात पलटणी उतरलेल्या, रॉकेल मिळत नव्हतं, लोखंड मिळत नव्हतं, दुधात दूध सापडत नव्हतं, आणि नेमकं अशा वेळी निम्म्या नगराला दंड फुगवायचे होते. तालीम पहाटेपासून भरलेली असायची. आमच्याकडे सामान काय, तर लाल मातीचा हौदा, मुद्गलांच्या काही जोड्या, चढायला एक दोर आणि कोपऱ्यात शेंदूर फासलेला मारुती. बाकी सगळं ज्याचं त्याने अंगावरच आणायचं.

ज्यांनी तालीम बाहेरूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. जोर म्हणजे पालथं होऊन हातांवर छाती खाली नेऊन वर काढायची. बैठक म्हणजे उठबस. मुद्गल म्हणजे लाकडी गदा, ती खांद्यावरून पाठीमागे फिरवायची. संपलं शास्त्र. इतकं सोपं असूनही माणसं त्यात काय काय घोळ घालतात, हे पाहण्यात माझा पगार मला वसूल वाटायचा.

एका वकिलांना फक्त मान जाड करून हवी होती, कारण कोटातून तेवढीच दिसते. राहात्याचे एक व्यापारी नगरला मुक्कामाला असले की यायचे. त्यांना पोट कमी करायचं होतं, पण जेवण कमी करायचं नव्हतं, आणि घामाचं त्यांना वावडं होतं. एकदा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मास्तर, बैठका आमच्या गड्याने काढल्या तर चालतील का? नेम आमच्या नावाचा, पाय त्याचे." मी इतका हसलो की ते रुसून महिनाभर आले नाहीत. त्या हसण्याबद्दल पुढे माझी चांगलीच जिरली, ते येईलच.

मिशनच्या शाळेतले शांतवन गुरुजी माझे स्नेही. त्यांच्याकडे हातांनी ताणायच्या परदेशी स्प्रिंगा होत्या. सहा दिवस ते त्या ताणायचे आणि रविवारी स्प्रिंगांना हात लावायचे नाहीत. आम्ही त्यांना चिडवायचो. पण गुरुजींचे दंड दरवर्षी वाढत आणि आमचे वर्षभर तिथल्या तिथे, हेही खरं होतं.

आमच्या धंद्यातलं खरं दुखणं हेच. नवा गडी आला की पहिले तीन-चार महिने दिसामाशी वाढतो. आई दृष्ट काढते, शिंपी बाह्या उसवून देतो. आणि मग एक दिवस सगळं अडतं. तेवढेच जोर, तेवढ्याच बैठका, तेवढंच दूध, पण अंग म्हणतं, आता मी इथून हलणार नाही. मग कोणी बदाम वाढवतो, कोणी म्हणतो नजर लागली. माझ्या वस्तादांकडे या दुखण्याला एकच औषध होतं. आकडा दुप्पट करा! मीही कित्येक वर्षं तेच औषध वाटत होतो.

डोळे उघडले ते वाळवीमुळे. एका पावसाळ्यात आमच्या मुद्गलांना वाळवी लागली आणि हौद्याची मातीही वाहून गेली. नवे मुद्गल होईपर्यंत दीड-दोन महिने मी आणि पोरं नुसती लाल मातीची घमेली डोक्यावरून वाहत होतो, कुदळीने हौदा खणत होतो. व्यायाम म्हणून काही नाहीच. दसऱ्याला मी शाळेचा कोट अंगात घातला आणि पाठीवरची शिवण टरकन फाटली. तीन वर्षं अडलेलं अंग माती वाहून सुटलं होतं! तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अंग हे शहाणं असतं आणि आळशीही असतं. रोज एकच काम दिलं की ते कमीत कमी कष्टात उरकायला शिकतं. त्याला कामात बदल दाखवला की ते गोंधळतं, आणि गोंधळलं की वाढतं. त्या दिवसापासून मी पोरांचे क्रम उलटेसुलटे करू लागलो. जुने वस्ताद म्हणू लागले, मास्तर बिघडला.

आणि अशात भानुदास आला.

केडगावच्या पलीकडच्या वस्तीवरचा हा गडी. दोन म्हशी, थोडं कोरडवाहू रान, घरी आई. पहाटे कावडीने दूध आणून नगरात रतीब घालायचा. देखणा, उंचापुरा आणि इतका लाजरा की बोलताना समोरच्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायचा. एक दिवस दुधाच्या रिकाम्या कासंड्या तालमीच्या दारात ठेवून तो आत आला आणि माझ्या अंगठ्याला म्हणाला, "मास्तर, मला गोटा उचलायचाय."

"कसला गोटा?"

"सासूरवाडीचा."

त्याची सासुरवाडी पारनेरकडच्या एका खेड्यात. तिथे मारुतीच्या देवळापुढे ओट्यावर एक वाटोळा, गुळगुळीत दगड आहे. त्याला कोणी कधी तोललेलं नाही, देवाचा दगड तोलू नये म्हणतात. गावाचा रिवाज असा, की नव्या जावयाने चैत्रातल्या जत्रेत तो गोटा खांद्यावर घ्यायचा, देवळाला एक फेरी घालायची आणि पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवायचा. मग सासरा आपल्या हाताने त्याला फेटा बांधतो. तोवर तो अर्धा जावई. अर्ध्या जावयाला पंगतीत पाट नाही, ओसरीच्या पायरीवर पान, आणि लेक नांदायला पाठवायची नाही.

आता, बाकीचे सासरे समजूतदार होते. गोटा छातीपर्यंत आला की 'आला, आला' म्हणून ओरडायचे आणि फेटा बांधून मोकळे व्हायचे. भानुदासच्या नशिबी रंभाजी पाटील आले. त्यांनी स्वतः तरुणपणी तो गोटा उचलून दोन फेऱ्या घातल्या होत्या. शिवाय त्यांची लेक हौसा एकटी दोन गड्यांचं काम करायची, तेव्हा ती घरातून जावी अशी त्यांना मुळीच घाई नव्हती.

"पयल्या साली गुडघ्यापत्तुर आला," भानुदास सांगू लागला. "दुसऱ्या साली छातीपत्तुर. मला वाटलं, अवंदा खांद्याव. पर मास्तर, आता अडलंय. लई अडलंय. घरी एक दगूड हाय तसलाच, रोज बघतो उचलून. छातीपाशी आला की थांबतो. आनि मामा म्हनले, अवंदा न्हाई झालं तर काडीमोड. हौसाला मिरजगावचं एक ठिकान बघून ठिवलंय."

हे सांगताना त्याने पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरलेले होते. मला गलबलून आलं, पण वस्तादाने असं दाखवायचं नसतं, म्हणून मी त्याच्या पोटऱ्या बघितल्या. पोटऱ्या नव्हत्याच त्या, खांब होते.

"रोज काय करतोस?"

"बैठका. पाश्शे."

"आणि?"

"आनि काय? मंग पाय ऱ्हात न्हाईत."

"किती दिवस झाले?"

"गेल्या जत्रंपासून. एक दीस चुकलो न्हाई."

मी मांडी थोपटली. दुखणं सापडलं होतं. म्हटलं, "उद्यापासून बैठका बंद."

भानुदासचा चेहरा दह्यासारखा झाला. "जमायचं न्हाई मास्तर. मारुतीला बोललोय. गोटा उचलस्तवर रोज पाश्शे. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

"कमी नाही हे कळलं. जास्त का नाही?"

"जास्त केल्या तर देवाला वाटंल, मी घाई करतोय."

मी त्याला वाळवीची गोष्ट सांगितली, शिवण फाटलेला कोट दाखवला. तो नंदीसारखा मान हलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "पर बोललोय ना." शेवटी मी त्याच्याच रानात उतरलो.

"भानुदास, एकाच तुकड्यात दरसाल बाजरीवर बाजरी घेतोस का?"

"खुळा हाय का मी? मधी मटकी नको टाकाया? हुलगा नको? रान दमतंय की."

"आणि तुझे पाय म्हणजे काय फरशी आहे?"

त्याने आपल्या पोटऱ्या चाचपल्या. मग म्हणाला, "पटतंय. पर मारुतीला हे कोन सांगायचं?"

ते सांगायचं तर मारुतीच्या गुरवालाच सांगायला हवं होतं. पारनेरच्या बाजाराचा दिवस बघून, म्हणजे रंभाजी पाटील गावात नाहीत असा दिवस बघून, मी आणि भानुदास त्याच्या सासुरवाडीला गेलो. देवळाचे गुरव म्हातारे, दात गेलेले, पण न्यायाला पक्के. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि निकाल दिला.

"बोललेला नेम मोडता येत न्हाई. पर नवरा तापानं फणफनला तर त्येचा उपास कोन धरतं? बायकूच का न्हाई? अर्धं अंग हाय ती. नेम तिनं चालवावा. ह्यो मोकळा."

राहात्याच्या व्यापाऱ्याची माझ्या डोळ्यांपुढे मूर्तीच उभी राहिली. नेम आमचा, पाय त्याचे! मी म्हटलं, "गुरवबाबा, पण मारुती ब्रह्मचारी, आणि बाईने त्याच्या नावाने..."

"तिनं घरी कराव्यात. देवाला घरातलं दिसत न्हाई व्हय?"

तेवढ्यात देवळाच्या बाजूने हौसा पाणी घेऊन आली. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी, आणि हंड्यातलं पाणी जागचं हलत नव्हतं. पोटऱ्या मी पाहिल्या नाहीत, परक्या गावात तेवढं भान ठेवावं लागतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि दोघांच्याही कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लग्नाला दोन वर्षं उलटून गेली होती! अर्ध्या जावयाने बायकोशी सगळ्यांदेखत बोलायचं नाही, म्हणून सगळी बोलणी गुरवाच्या तोंडून झाली.

हौसा गुरवाला म्हणाली, "बाबा, त्यान्ला सांगा, मी करीन. पर कशा करायच्या ते दावा."

इथे पंचाईत झाली. परक्या बाईपुढे मी कासोटा मारून बैठका काढून दाखवणं बरं दिसलं नसतं. शेवटी गुरवबाबाच उठले. मी बाजूला उभा राहून सांगायचं आणि त्या बिनदाताच्या म्हाताऱ्याने काढून दाखवायचं, असं ठरलं. "टाचा टेकू देऊ नका. पाठ ताठ. श्वास खाली जाताना घ्या, वर येताना सोडा." सातव्या बैठकीला गुरवबाबा खाली गेले ते वर आलेच नाहीत. भानुदासने त्यांना काखेत धरून उचललं. हौसा पदर तोंडाशी धरून हसत होती, हंड्यातलं पाणी पहिल्यांदा हललं आणि तिच्या खांद्यावर सांडलं.

नगरला परतल्यावर मी भानुदासला हातात घेतलं. गोट्याला कान नाहीत, मूठ नाही. तालमीत तसलं काही नव्हतं. म्हणून विहिरीवरची एक फाटकी चामड्याची मोट मिळवली, फाटलेलं शिवून घेतलं, आत ओली वाळू भरली आणि तोंड दोरीने आवळलं. काय ध्यान दिसत होतं! वाटोळं, बुळबुळीत, आणि उचलताना एका अंगाला कलणारं. पोरांनी तिला 'सासू' नाव ठेवलं. दर थोड्या दिवसांनी मी सासूच्या पोटात आणखी वाळू घालायचो.

मुख्य गोष्ट अशी, की भानुदासचं अडत होतं छातीपाशी, आणि तो वर्षभर गुडघ्यांची मशागत करत होता. मी सासूला कमरेएवढ्या कट्ट्यावर ठेवलं आणि सांगितलं, इथून पुढेच उचल, जमिनीवरून नको. जिथं अडतं तिथून सुरुवात. एक आठवडा जड वाळू आणि थोडाच वेळ. दुसरा आठवडा हलकी वाळू आणि दम निघेपर्यंत. मध्ये दोर चढणं, कारण पकडच नसेल तर खांदा काय करणार? कधी सासूला मिठीत घेऊन तालमीला नुसत्या फेऱ्या. रोज तो आला की विचारायचा, "आज काय?" आणि मी सांगितलं की त्याचा चेहरा लहान पोरासारखा खुलायचा. कंटाळलेलं अंग असं खुलताना पाहिलं की आपल्यालाही नाचावंसं वाटतं. एकदा मी खरोखर नाचलो. शाळेतल्या पोरांनी खिडकीतून पाहिलं.

एका गोष्टीवर मात्र तो अडून बसला. मी सांगितलं, आठवड्यात एक दिवस काहीही करायचं नाही. विसाव्यात अंग वाढतं. त्याला ते पाप वाटायचं. तिथे शांतवन गुरुजी कामी आले.

"भानुदास, आमच्या शास्त्रात देवाने सहा दिवस जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. तुझी पोटरी देवापेक्षा बळकट आहे का?"

"न्हाई जी," भानुदास घाबरून म्हणाला, आणि त्या रविवारी म्हशींसारखा पडून राहिला.

तिकडची खबर गुरवबाबा अधूनमधून नगरला आले की द्यायचे. हौसा गोठ्यात, बाप उठायच्या आधी, नेमाने उठबस करत होती. पहिले आठ दिवस तिला जिन्यावरून उतरता येत नव्हतं. मग सरावली. "गाय बघत ऱ्हाती, रवंथ करायचं इसरती," गुरवबाबा म्हणाले. "आनि रंभाजी इचारतोय, पोरगी एवढ्या भाकरी कशापायी खाती?"

चैत्र आला. जत्रेला मी आणि शांतवन गुरुजी गेलो. गुरुजी म्हणाले, मी देवळाबाहेर उभा राहून मनातल्या मनात प्रार्थना करतो, दोन्हीकडून जोर लागलेला बरा. देवळापुढे ही गर्दी. रंभाजी पाटील ओट्याशेजारी, हातात नवा गुलाबी फेटा, मिशीला पीळ. थोड्या अंतरावर त्यांची बैलगाडी आणि गाडीत बायकांबरोबर हौसा. मिरजगावचं 'ठिकाण'ही जत्रा बघायला आलं होतं. हा आज अडला तर सगळं संपलं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

भानुदासने मारुतीला नमस्कार केला आणि गोट्याला मिठी घातली. गोटा गुडघ्यावर आला. मांडीवर आला. छातीवर आला. आणि थांबला.

सगळी जत्रा थांबली. भानुदासच्या मानेच्या शिरा दोरासारख्या दिसायला लागल्या. गोटा वरही जाईना, खाली तर तो सोडेना. मला राहवलं नाही. वस्तादाने मध्ये बोलू नये, तरी मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "कट्टा! कट्ट्यावरची सासू!"

पारनेर तालुक्याला यातलं काय कळलं असेल ते असो. खरी सासू गाडीत दचकली. पण भानुदासला कळलं. त्याने श्वास घेतला, गुडघे किंचित वाकवून गोट्याखाली घुसला, मांडीने एक हिसका दिला, आणि गोटा खांद्यावर! हलकल्लोळ झाला. हलगी वाजायला लागली. भानुदासने देवळाला फेरी घातली. मी आणि गुरुजी एकमेकांच्या गळ्यात पडलो. गुरुजींची टोपी पडली, ती कोणी तुडवली तरी त्यांना पत्ता नाही.

आणि मग त्या शहाण्याने घोटाळा केला. फेरी संपल्यावर ओट्याकडे वळायचं सोडून, आनंदाच्या भरात तो सरळ बैलगाडीकडे धावत सुटला. खांद्यावर देवाचा दगड, तोंडभर हसू, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत बायकोशी बोलला.

"हौसा, बघ!"

असं म्हणून गोटा गाडीपुढे धाडकन टाकला.

हलगी बंद पडली. रंभाजी पाटील सावकाश चालत आले आणि म्हणाले, "गोटा जाग्याव गेला न्हाई. जाग्याव न्हाई, तर उचलला म्हनायचा न्हाई."

भानुदास वाकला. मिठी मारली. पण हात कसले, भिजलेल्या सुंभासारखे झाले होते. सगळी ताकद तो एका आनंदात उधळून बसला होता. गोटा गुडघ्याशीही येईना. पुन्हा वाकला, पुन्हा तेच. मिरजगावचं ठिकाण मिशा चाचपायला लागलं. मी मनात म्हटलं, मी याला कमरेपासून वर शिकवलं, कमरेपासून खाली शिकवलं, पण आनंद झाल्यावर काय करायचं हे शिकवायचं राहूनच गेलं.

तेव्हा गाडीतून हौसा उतरली. पदर खोचला. बापाकडे पाहिलं नाही, गुरवाकडे पाहिलं.

"बाबा, अर्धं अंग म्हनला हुता न्हवं? त्येचं अर्धं झालंय. ऱ्हायलेलं मी करू का?"

गुरवबाबांनी मारुतीकडे पाहिलं, मग गर्दीकडे. "नेम चालतोय तर ह्ये बी चालंल," ते म्हणाले.

ती खाली बसली. आणि मी पाहिलं, तिच्या टाचा टेकल्या नव्हत्या, पाठ ताठ होती. श्वास घेतला. मांडीवर गोटा घेतला, पोटाशी धरला आणि उठली. डुलत डुलत, पाय फाकवून, ती ओट्यापर्यंत चालत गेली. अंतर फार नव्हतं, पण जत्रेत कोणी श्वास घेत नव्हतं. गोटा त्याच्या खाचेत बसला तेव्हा बारीकसा आवाज झाला. मग हौसाने हात झटकले.

त्यानंतर जो गदारोळ उठला तो मला शब्दांत मांडता येणार नाही. बायका गाड्यांतून उतरल्या. हलगीवाला हसत होता आणि वाजवत होता. रंभाजी पाटील फेटा हातात घेऊन जावयापाशी आले, थबकले, लेकीकडे वळले, पुन्हा थबकले. शेवटी त्यांनी फेटा बैलगाडीत टाकला आणि म्हणाले, "तुमचं तुमी ठरवा." आणि तोंड फिरवून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. लेक निघाली होती हो त्यांची.

मी मात्र ओट्याशी उभा राहून विचार करत होतो. ज्या बैठकांनी भानुदासच्या अंगाला काही म्हणता काही दिलं नव्हतं, त्याच, तेवढ्याच, हौसाच्या अंगाला नव्या होत्या, आणि त्यांनी काय करून दाखवलं! मी वर्षानुवर्षं पुरुषांची अडलेली अंगं सोडवत बसलो, आणि नव्या रानासारखी अंगं घेऊन निम्मं गाव पाण्याला जात होतं. आमच्या तालमीचं दार मला त्यांच्यासाठी कधी उघडता आलं नाही, ही रुखरुख अजून आहे.

लेक-जावयाला घेऊन गाडी निघाली तशी हौसाने ती थांबवली आणि मला हाक मारली.

"मास्तर, एक इचारू? पयल्यांदा लई फरक पडला. पर आता म्हैनाभर झाला, तेवढंच हाय. माजं बी अडलंय. आता म्या काय करू?"

माणसं फिस्सकन हसली. मी हसलो नाही. इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला तालमीत कोणी विचारला नव्हता. मी गाडीच्या चाकाला हात लावून उभा राहिलो आणि भानुदासकडे बघितलं. त्याचे हात अजून मांडीवर लोंबत होते. मोट उचलून, दोर चढूनही मनगटं शेवटी दगा देऊन गेलीच होती.

"तू मोट उचल," मी म्हटलं, "माझ्या तालमीतली, ती पाठवून देतो. आणि सकाळचं दळण याच्याकडे दे."

गाडीतल्या सगळ्या बायका एकदम माझ्याकडे वळल्या. भानुदासने माझ्या अंगठ्याकडे बघत मान डोलावली.

पंधरा दिवसांनी तो रतीब घालून तालमीत आला तेव्हा पोरांनी एकच गिल्ला केला. त्याच्या भुवयांवर, मिशीवर आणि कानांत बाजरीचं पीठ बसलं होतं. कोणी विचारलं, "काय रे भानुदास, बायकोने जात्याला बसवलं का?"

"व्हय," तो म्हणाला, आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. "मास्तर, मनगाट बघा."

मी बघितलं. वाढलं होतं.